मिल्लचें दुखणें आणि वर्डस्वर्थचें औषध

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्रांतील नवशिक्षित तरुणांच्या मनावर ज्या दोनचार युरोपीय ग्रंथकारांचा अंमल बसला त्यांत जॉन स्टुअर्ट मिल्ल याचें नांव अगदीं वरचें होतें. आगरकरांची आठवण निघाली कीं मिल्ल आणि स्पेन्सर हीं नांवें जोडीनें येतातच. साहजिकच आपल्या मनांत मिल्लची जी मूर्ति ठसली आहे ती तर्कशास्त्रज्ञाची, अर्थशास्त्रज्ञाची, व्यक्तिस्वातंत्र्याच्या आणि स्त्रियांच्या हक्कांच्या कैवाऱ्याची आहे. हा मनुष्य विसाव्या वर्षीं मनानें पार खचला होता, असलें जिणें किती दिवस जगतां येईल याचा हिशेब करण्यापर्यंत त्याची मजल गेली होती, आणि त्या गर्तेंतून वर येण्याचें मोठें श्रेय त्यानें ज्याला दिलें तो एक डोंगराळ मुलुखांत राहणारा, जुन्या मतांचा कवि होता, ही गोष्ट त्या मूर्तीशीं चटकन् जुळत नाहीं. पण ती मिल्लनें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे; आणि तें आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७३ सालीं प्रसिद्ध झालें तेव्हांपासून तिची चर्चा कधीं थांबलेली नाहीं.

कवितेनें व निसर्गाच्या सहवासानें मनाला शांति मिळते, हें वाक्य आपण इतक्या वेळां ऐकतों कीं त्याचा अर्थ विचारण्याची कोणाला गरजच वाटत नाहीं. शांति मिळते म्हणजे नेमकें काय मिळतें? कोणत्या कवितेनें? आणि ज्याची देवावर श्रद्धा नाहीं, त्यालाहि ती मिळते काय? मिल्लची हकीकत मोलाची वाटते ती अशासाठीं कीं आपल्या दुखण्याचीं लक्षणें, फसलेले उपाय आणि अखेर लागू पडलेलें औषध, या सर्वांची नोंद त्यानें एखाद्या दक्ष वैद्यासारखी करून ठेवली आहे.

मिल्लचा जन्म २० मे १८०६ रोजीं लंडन येथें झाला. त्याचा बाप जेम्स मिल्ल हा बेंथॅमचा पट्टशिष्य. हिंदुस्थानांत एकदांहि पाऊल न टाकतां हिंदुस्थानचा भला मोठा इतिहास लिहिणारा म्हणून आपल्याला तो ठाऊक आहे. या गृहस्थानें आपल्या थोरल्या मुलाला शाळेंत घातलें नाहीं; सगळें शिक्षण स्वतःच दिलें. तिसऱ्या वर्षीं ग्रीक भाषा सुरू झाली, आठव्या वर्षीं लॅटिन. त्यापूर्वींच हिरोडोटसचा सबंध ग्रंथ मूळ भाषेंत वाचून झाला होता. बाप ज्या टेबलापाशीं बसून हिंदुस्थानचा इतिहास लिही त्याच टेबलाशीं बसून हा पोर ग्रीकचे धडे तयार करी. ग्रीकचा इंग्रजींत अर्थ देणारा कोश त्या काळीं नव्हता, म्हणून अडलेला दर शब्द बापाला विचारावा लागे. आणि स्वभावानें उतावळा असलेला तो बाप लेखणी थांबवून अर्थ सांगे. पुढें इतिहासाचीं मुद्रितें तपासण्याची वेळ आली तेव्हां हस्तलिखित मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम अकरा वर्षांच्या मुलाकडे आलें. कठोर म्हणावा तर असा कठोर, आणि कष्टाळू म्हणावा तर असा कष्टाळू बाप विरळाच. प्रेम मात्र त्याला दाखवितां येत नसे.

सकाळीं न्याहरीपूर्वीं बापलेक हिरव्यागार वाटांनीं फिरावयास जात. आदल्या दिवशीं काय वाचलें तें मुलानें या फेरफटक्यांत सांगावयाचें, असा नेम होता. त्यामुळें लहानपणच्या हिरव्या शेतांची आणि रानफुलांची आठवण झाली कीं तिच्याबरोबर आपण दिलेल्या त्या परीक्षेची आठवणहि येते, असें मिल्लनें म्हटलें आहे. निसर्गाशीं त्याची पहिली ओळख झाली ती अशी, बगलेंत ग्रंथ घेऊन.

घरांत कवितेला मज्जाव होता असें नाहीं. मिल्टनची थोरवी जेम्स मिल्लला मान्य होती. मुलाकडून तो पद्येंहि करवून घेई. पण त्याचें कारण मोठें मासलेवाईक होतें. लोक पद्याला त्याच्या योग्यतेपेक्षां अधिक किंमत देतात, तेव्हां पद्य लिहितां येणें ही एक कामाची विद्या आहे, असा त्याचा हिशेब! गुरु बेंथॅम तर याच्याहि पुढें गेलेला. सुखाचें माप सारखें भरत असेल तर टाचण्यांनीं खेळावयाचा पोरखेळ आणि कविता यांच्या मोलांत कांहीं अंतर नाहीं, असें त्यानें लिहून ठेवलें होतें. जास्तींत जास्त लोकांचें जास्तींत जास्त सुख, हें या मंडळींचें ध्येय. हें सुख कायदे, शिक्षण आणि राज्यव्यवस्था यांच्या सुधारणेनें आणतां येईल अशी त्यांची श्रद्धा होती. होय, श्रद्धाच. धर्मावरचा विश्वास टाकून दिलेले लोक इंग्लंडांत त्या काळीं बरेच होते. पण विश्वास टाकण्याचा प्रसंगच ज्याच्यावर आला नाहीं, कारण मुळांत तो त्याला कधीं शिकविलाच गेला नव्हता, अशा अगदीं थोड्यांपैकीं आपण एक होतों, असें मिल्ल सांगतो. पंधराव्या वर्षीं बेंथॅमचें तत्त्वज्ञान वाचलें तेव्हां त्याला आयुष्याला एक ध्येय सांपडलें, आणि धर्माची ती रिकामी जागा त्या ध्येयानें भरून काढली.

या शिक्षणाच्या भिंतीला दोन झरोके मात्र नकळत राहून गेले होते. बेंथॅमनें कांहीं वर्षें इंग्लंडच्या नैर्ऋत्येस 'फोर्ड ॲबी' नांवाचा एक जुना मठ भाड्यानें घेतला होता. मिल्ल कुटुंब वर्षांतले कित्येक महिने तेथें राहत असे. त्या मठाचे उंच दिवाणखाने, प्रशस्त दालनें, भोंवतालची गर्द सावली आणि पाण्याचा आवाज, यांनीं आपल्याला कसलें तरी मोकळें जिणें दाखविलें, असें मिल्ल म्हणतो. दुसरा झरोका फ्रान्सचा. १८२० सालीं, चौदा वर्षांचा असतांना, बेंथॅमच्या भावाच्या कुटुंबाकडे तो फ्रान्समध्यें गेला आणि पिरेनीज पर्वताच्या रांगांत हिंडला. डोंगरांची आवड त्याला लागली ती तेव्हां, आणि ती मरेपर्यंत सुटली नाहीं. वनस्पति गोळा करण्याचा छंदहि त्याच प्रवासांतला. बापाच्या पाठ्यक्रमांत या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

सतरावें वर्ष पुरें होतांच, मे १८२३ मध्यें, मिल्लला ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरींत बापाच्या हाताखालीं नोकरी मिळाली. ही नोकरी पुढें पस्तीस वर्षें, म्हणजे १८५८ सालीं कंपनीचा कारभार संपेपर्यंत चालली. हिंदुस्थानांत पाठवावयाच्या खलित्यांचे मसुदे करणें हें त्याचें काम. आणि लवकरच आपल्याकडच्या संस्थानांविषयींचा पत्रव्यवहार मुख्यतः त्याच्याच हातीं आला. कचेरीच्या वेळेबाहेर तो वादसभा गाजवी, मासिकांत लेख लिही, आणि बेंथॅमच्या पुराव्याच्या कायद्यावरील विस्कळीत हस्तलिखितांचे पांच जाडजूड खंड तयार करी. हें सगळें वयाच्या विशीच्या आंत.

१८२६ च्या शरदऋतूंत एके दिवशीं, मन जरा मरगळलेलें असतां, त्यानें स्वतःला एक प्रश्न विचारला. समजा, तुला हव्या आहेत त्या सर्व सुधारणा, तूं ज्या मतांसाठीं झगडतोस तीं सर्व मतें, या क्षणीं जगानें मान्य केलीं. तर तूं सुखी होशील काय? आंतून निःसंदिग्ध उत्तर आलें, कीं नाहीं. त्या उत्तरासरशीं ज्या पायावर आयुष्य उभारलें होतें तो पायाच ढांसळला.

प्रथम त्याला वाटलें, रात्रीची झोप झाली कीं हें मळभ जाईल. तें गेलें नाहीं. तो रोज कचेरींत जात होता, मसुदे करीत होता, वादसभेंत बोलत होता. यंत्राला एकदां गति दिली कीं तें चालत राहतें तसें सगळें चाललें होतें. कोणाला कांहीं कळलें नाहीं. सांगावें असें कोणी नव्हतेंहि. बापाकडे जाण्याचा तर विचारच नको. आपल्या शिक्षणाचा प्रयोग असा फसला हें त्या माणसाला कळून तो बरा कसा करणार? पोथ्यांतल्या मित्रांकडे, म्हणजे प्लुटार्कच्या वीरचरित्रांसारख्या ग्रंथांकडे तो वळला. पूर्वीं त्यांनीं स्फूर्ति येई, आतां तींच पानें कोरडीं लागूं लागलीं. आपल्या अवस्थेची तुलना त्यानें मेथडिस्ट पंथाच्या लोकांना पापाची पहिली जाणीव होते त्या अवस्थेशीं केली आहे. धर्म न शिकलेल्या माणसाला आपल्या दुःखासाठीं उपमा मिळाली ती धर्मांतलीच. असें जगणें एक वर्षाहून अधिक काळ शक्य होईलसें त्याला वाटेना.

त्यानें आपल्या दुखण्याचें जें निदान केलें आहे तें आजहि विचार करण्यासारखें आहे. लहानपणापासून त्याला एकच गोष्ट शिकविली गेली होती: पृथक्करण. कोणतीहि भावना घ्यावी, तिचे धागे सोडवावे, ती कशी बनली हें दाखवावें. चांगल्या गोष्टीशीं सुख आणि वाईट गोष्टीशीं दुःख जोडून दिलें कीं सद्गुणी मनुष्य तयार होतो, असें बापाचें मानसशास्त्र सांगे. पण जें जोडतां येतें तें सोडवितांहि येतें. सोडविण्याची संवय इतकी पक्की झाली कीं परोपकाराची आवडहि सुटी होऊन हातांत आली, आणि पाहिलें तों तिच्यांत जीव नव्हता. सुसज्ज आणि सुकाणू असलेलें, पण शीड नसलेलें गलबत, अशा आशयाची उपमा त्यानें स्वतःस लावली आहे. आमच्या मतें सगळ्या आत्मचरित्रांत याहून प्रामाणिक पानें थोडीं.

सहाएक महिने लोटल्यावर पहिला कवडसा आला तो अगदीं अनपेक्षित जागेंतून. मार्मोंतेल नांवाच्या फ्रेंच ग्रंथकाराच्या आठवणी तो वाचीत होता. त्यांत बाप वारल्यावर लहान मुलगा सगळ्या घराला धीर देतो, यापुढें तुम्हांला मी सर्व कांहीं होईन असें जणूं सांगतो, असा एक प्रसंग आहे. तो वाचतांना मिल्लच्या डोळ्यांना पाणी आलें. डोळ्यांना पाणी येतें, म्हणजे आपण दगड झालेलों नाहीं! एवढ्यानेंहि त्याला हलकें वाटलें. विसाव्या शतकांतील मनोविश्लेषकांनीं या प्रसंगावर बरोबर बोट ठेवलें आहे: बापाच्या धाकांत गुदमरलेल्या मुलाचे अश्रू मोकळे झाले ते कोणाच्या तरी बापाच्या मृत्यूचें वर्णन वाचून. या तर्कांत तथ्य असावें. तथापि तो मान्य केला तरी पुढची हकीकत खोटी ठरत नाहीं. कुलूप कोणत्या किल्लीनें निघालें हें कळलें म्हणजे खोलींत काय सांपडलें हें कळत नाहीं.

मधल्या दोन वर्षांत त्यानें निरनिराळे उपाय करून पाहिले. गाण्यानें बरें वाटे. वेबरचें 'ओबेरॉन' हें संगीत नाटक त्यानें ऐकलें आणि त्यांतील चालींनीं तो आनंदला. पण लगेच नवी काळजी उभी राहिली. सप्तकांत सूर ते किती! त्यांचीं मधुर जुळणीं करून करून किती होणार? मोझार्ट आणि वेबर यांनीं बहुतेक शोधून काढल्यावर पुढें काय उरणार? आपल्याकडच्या ज्या श्रोत्यानें एकच भूप किंवा एकच यमन जन्मभर ऐकला आणि तरी तो त्याला पुरला नाहीं, त्याला या काळजीचें हंसूं येईल. मिल्ललाहि पुढें आलें. परंतु दुखणाइताच्या मनाचें गणित कसें चालतें याचा हा नमुना आहे: सुख मोजावयास बसलें कीं तें संपत आल्याचीच चाहूल लागते. सुख हें सरळ हात घालून मिळत नाहीं, दुसऱ्या कशाच्या तरी मागें लागलेल्याला तें वाटेंत भेटतें, हा त्याचा पुढचा सिद्धान्त याच दिवसांतला.

बायरनहि वाचून झाला. त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. बायरनचे नायक सगळीं सुखें भोगून विटलेले. त्यांचें रडगाणें मिल्लच्याच रडगाण्यासारखें. रोग्याला दुसऱ्या रोग्याचें कण्हणें ऐकवून काय होणार?

१८२८ च्या शरदऋतूंत त्यानें वर्डस्वर्थच्या कविता हातीं घेतल्या त्या निव्वळ कुतूहलानें. १८१५ सालीं निघालेली ती दोन भागांची आवृत्ति होती. दोनतीन वर्षांपूर्वीं त्याच कवीचें 'एक्स्कर्शन' हें दीर्घकाव्य त्यानें वाचून बाजूस ठेवलें होतें. त्यांत त्याला कांहीं लाभलें नव्हतें. म्हणजे कविता तीच, कवि तोच. वाचणारा मात्र दोन वर्षें उपाशी राहून आला होता.

डोंगर ही मिल्लची दुखरी आणि जिव्हाळ्याची नस होती, पिरेनीजपासूनची; आणि वर्डस्वर्थची निम्मी कविता डोंगरांत जन्मलेली. ओढ लागली ती यामुळें. तथापि नुसत्या सृष्टिवर्णनानें आपण बरे झालों नसतों, हें तो आवर्जून सांगतो. डोंगर आणि तळीं दाखविण्यांत वॉल्टर स्कॉट वर्डस्वर्थहून सरस आहे. आणि कवीपेक्षां प्रत्यक्ष एखादा साधासुधा डोंगर तें काम अधिक चांगलें करतो. वर्डस्वर्थनें दाखविलें तें निराळें होतें. डोंगर पाहतांना मनाची काय स्थिति होते, त्या स्थितींत विचार आणि भावना एकमेकांत कशा मुरतात, याचें चित्र त्याच्या कवितेंत होतें. ज्या मुलाला विचार आणि भावना हीं दोन सुटीं भांडीं म्हणून दिलीं गेलीं होतीं त्याला हें नवीन होतें.

त्याहूनहि महत्त्वाचा भाग पुढें आहे, आणि तो बहुतेक चरित्रकार घाईनें ओलांडून जातात. मिल्लला पाडलें होतें तें एका प्रश्नानें: सर्व सुधारणा झाल्यावर, सर्व लढाया जिंकल्यावर, उरणार काय? ज्याचें सगळें सुख लढण्यांत आहे त्याला विजय ही भीतीचीच गोष्ट. वर्डस्वर्थच्या कवितेंत त्याला आनंदाचा एक असा झरा दिसला कीं ज्याचा झगड्याशीं कांहीं संबंध नाहीं, जो कोणाच्या उणिवेवर जगत नाहीं, जो सर्वांना वांटून घेतां येतो, आणि लोकांची स्थिति सुधारली तर जो आटणार नाहीं, उलट अधिक भरून वाहील. प्रश्नाला हें सरळ उत्तर होतें. त्या उत्तरामुळें त्याला सुधारणेचें ध्येय टाकावें लागलें नाहीं. ज्यांच्यासाठीं सुधारणा करावयाची त्यांना अखेर काय मिळावें हें आतां त्याला सांगतां येऊं लागलें.

त्या संग्रहाच्या अखेरीस बालपणाच्या आठवणींतून अमरत्वाची चाहूल घेणारी वर्डस्वर्थची प्रसिद्ध कविता आहे. लहानपणीं सृष्टीवर दिसणारें तेज मोठेपणीं मावळतें, हें दुःख तिच्यांत आहे आणि त्याची भरपाई कशी झाली हेंहि आहे. या जन्मापूर्वीं आत्मा कोठें तरी होता, अशी कल्पना त्या कवितेला आधाराला घेतली आहे. मिल्लला ती कल्पना तत्त्वज्ञान म्हणून अगदीं टाकाऊ वाटली, आणि तसें त्यानें स्वच्छ म्हटलें. पण या माणसानें माझ्यासारखेंच कांहीं भोगलें आहे आणि तो त्यांतून बाहेर पडला आहे, ही खात्री त्याला तेथेंच पटली. औषध घेतलें, अनुपान नाकारलें. श्रद्धाळू वाचकाला हें अपुरें वाटेल आणि नास्तिकाला अनावश्यक वाटेल. मिल्ल मात्र त्यावर उभा राहिला.

ती खात्री किती खरी होती हें मिल्लला त्या वेळीं ठाऊक असण्याचा संभव नव्हता. वर्डस्वर्थनें आपल्या मनाचा इतिहास ज्या 'प्रेल्यूड' काव्यांत लिहिला होता तें १८५० सालीं त्याच्या मृत्यूनंतर छापलें गेलें. तरुणपणीं तो फ्रेंच राज्यक्रांतीनें भारावला होता. पुढें क्रांति रक्तांत बुडाली आणि १७९३ सालीं त्याचाच देश फ्रान्सविरुद्ध लढाईस उतरला, तेव्हां त्यानें गॉडविनच्या निखळ बुद्धिवादाचा आधार घेतला. प्रत्येक नीतितत्त्वाला तर्काच्या कोर्टांत उभें करतां करतां तो इतका थकला कीं नीतीचे प्रश्नच सोडून गणिताकडे वळला. त्याला सांवरलें तें बहीण डोरोथीनें, कोलरिजच्या मैत्रीनें आणि खेड्यांतल्या पायवाटांनीं. १७९८ चीं 'लिरिकल बॅलड्स' हें त्या आजारांतून उठल्यावरचें पुस्तक. वैद्यानें मात्रा आधीं स्वतः घेऊन पाहिली होती.

आणि वैद्य होता विरुद्ध पक्षाचा! १८२८ सालीं वर्डस्वर्थ पक्का टोरी बनला होता. सरकारी स्टॅम्पखात्याची नोकरी करीत होता. पार्लमेंटच्या सुधारणेच्या नांवानें बोटें मोडीत होता. मिल्लचे स्नेही चकित झाले. मद्रासेंत जन्मलेला रोबक हा त्याचा जिवलग मित्र आणि जहाल पुढारी. १८२९ च्या आरंभीं वादसभेंत बायरन श्रेष्ठ कीं वर्डस्वर्थ यावर दोघांत जाहीर सामना झाला. भावना वाढविणें म्हणजे भ्रम वाढविणें, असें रोबकचें म्हणणें. मिल्लनें त्याला दिलेला दृष्टान्त सुरेख आहे. मावळत्या सूर्यानें उजळलेला ढग पाहून ज्याचें मन भरून येतें त्याला ढग म्हणजे पाण्याची वाफ आहे आणि ती वाफेच्या सर्व नियमांनीं बांधलेली आहे हें ज्ञान होण्यास कसलीच आडकाठी नाहीं. दोघांची मैत्री यानंतर हळूहळू पातळ झाली. उलट, विरुद्ध गोटांतला जॉन स्टर्लिंग जवळ आला. स्टर्लिंग त्याला म्हणाला कीं मी तुला आजवर सांच्यांत घालून तयार केलेला मनुष्य समजत होतों. वर्डस्वर्थ तुझाहि आहे हें पाहिलें आणि माझें मत फिरलें.

१८३१ सालीं मिल्ल सरोवरांच्या मुलुखांत पायीं हिंडला आणि वर्डस्वर्थला भेटला. भेटींत त्या वृद्धाचें मन किती विशाल आहे हें पाहून तो प्रसन्न झाला. राजकारणांतले मतभेद त्याला पूर्वींएवढे मोठे वाटेनात. तरी तो वर्डस्वर्थचा भक्त झाला नाहीं. याच्याहून थोर कवि पुष्कळ आहेत, असें तो आत्मचरित्रांत लिहितो. पण त्या थोरांनीं मला त्या वेळीं वांचविलें नसतें. ज्यांचा पिंड कवीचा नाहीं अशांचा हा कवि, हें त्यानें वर्डस्वर्थचें केलेलें वर्णन पुढें टीकाकारांनीं उपरोधानें वापरलें. त्याच्या मनांत त्यांत कृतज्ञताच होती.

आत्मचरित्राचा हा भाग मिल्लनें १८५३-५४ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर पंचवीस वर्षांनीं प्रथम लिहिला, हें विसरतां येत नाहीं. इतक्या काळानें मागें पाहतां आयुष्य जरा सुबक दिसतें. मरगळीचे झटके पुढेंहि येत राहिले, हें त्यानें स्वतः कबूल केलें आहे. १८३० सालीं हॅरिएट टेलर त्याच्या आयुष्यांत आली नसती तर एकट्या वर्डस्वर्थनें किती निभावलें असतें, अशी शंका कोणीं घेतली तर ती रास्त आहे. परंतु या औषधाचा परिणाम पारखण्यास आत्मचरित्राची साक्षच पाहिजे असें नाहीं. १८४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अर्थशास्त्रावरील मोठ्या ग्रंथांत, भांडवल, मजुरी आणि जमीनमहसूल यांच्या रुक्ष प्रकरणांमध्यें, एक विलक्षण लहानसें प्रकरण आहे. राष्ट्राची संपत्ति वाढावयाची थांबली तर काय, असा त्याचा विषय. इतर अर्थशास्त्रज्ञांना ही कल्पना भयंकर वाटे. मिल्ल म्हणतो, थांबली तर बिघडलें कोठें? माणसाला एकांत पाहिजे; रानफूल उगवेल अशी कांहीं जागा नांगराखालीं न गेलेली राहिली पाहिजे; जमिनीचा तसू न् तसू पिकाखालीं आणून माणसांची केवळ संख्या वाढविली तर त्या जगांत समाधान कसलें? हा आकडेमोडीच्या पुस्तकांत शिरलेला वर्डस्वर्थ आहे. आणि हें लिहूनच तो थांबला नाहीं. १८६५ सालीं लंडनच्या आसपासचीं गायरानें आणि मोकळीं मैदानें कुंपणांत जाऊं नयेत म्हणून जी संस्था निघाली तिच्या आरंभींच्या सभासदांत पार्लमेंटांत निवडून आलेला मिल्ल होता.

कोणी म्हणेल, तर मग मिल्ल निसर्गपूजक झाला. तसेंहि नाहीं. १८५० नंतरच्या दशकांत त्यानें 'निसर्ग' याच नांवाचा एक निबंध लिहिला. तो १८७४ सालीं, त्याच्या पश्चात्, धर्मविषयक तीन निबंधांच्या पुस्तकांत निघाला. त्यांत निसर्गावर त्यानें जणूं फिर्यादच लावली आहे. माणसानें केलीं तर ज्यांबद्दल त्याला फांसावर चढविलें जाईल अशीं कृत्यें निसर्ग रोज बिनदिक्कत करतो. वादळानें, उपासमारीनें, रोगानें निरपराधांचा जीव घेतो. तेव्हां निसर्गाला गुरु करून नीति शिकावयास जाणें हा वेडेपणा होय, असा त्या निबंधाचा रोख आहे. ज्याच्या मनाला डोंगरांनीं हात दिला त्यानेंच हें लिहावें, यांत कित्येकांना विसंगति दिसते. आम्हांला ती दिसत नाहीं. त्याला बरें करणारा वारा डोंगरावरून सुटलेला नव्हता. डोंगराकडे पाहणाऱ्या एका माणसाच्या मनांतून तो आला होता. आपल्या बालकवींची कविता ज्यांनीं मन लावून वाचली आहे त्यांना हें वेगळें सांगावयास नको. हिरव्यागार माळांवर आणि निर्झरांवर इतकें प्रेम करणाऱ्या त्या कवीच्या 'पारव्या'ची उदासी कोणत्या निर्झरानें पुसली?

त्याच पुस्तकांतील ईश्वरविषयक निबंधानें दुसऱ्या बाजूचे लोक दुखावले. ईश्वराचें अस्तित्व सिद्ध झालेलें नाहीं. पण जेथें पुरावा थांबतो तेथें कल्पनेला आशा बाळगण्यास मोकळीक आहे, आणि ती आशा मन मोठें करते, असें मिल्लनें तेथें म्हटलें. मॉर्लेसारखे त्याचे बुद्धिवादी अनुयायी यामुळें फार खट्टू झाले. सगळ्या शंका जागच्या जागीं ठेवून मनाची एक खिडकी उघडी ठेवणें, ही गोष्ट तो त्या दोन भागांच्या कवितासंग्रहापासून शिकत आला होता. त्याला श्रद्धा म्हणावें कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

महाराष्ट्रांतल्या मिल्लभक्तांनीं त्याच्या चरित्रांतील हा भाग कितपत मनावर घेतला? आगरकरांचें उदाहरण आठवतें. १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशेंएक दिवस काढतांना या करड्या बुद्धिवाद्यानें हातीं घेतलें तें शेक्सपीअरचें 'हॅम्लेट'. त्याचें भाषांतर 'विकारविलसित' या नांवानें पुढच्याच वर्षीं निघालें. विकार हा शब्द त्यांनीं नाटकाच्या नांवांतच घातला आहे. त्यांच्याच न्यू इंग्लिश स्कुलांत केशवसुत शिकले, आणि इंग्रजी कवितेचें वळण मराठीला लावण्याचें काम त्यांच्याकडून झालें. मिल्लचा तर्क आणि वर्डस्वर्थचा डोंगर हीं दोन्हीं पुण्याच्या एकाच शाळेच्या आवारांत येऊन पोंचलीं होतीं. पुढें मात्र एकाचे अनुयायी दुसऱ्याकडे पाठ फिरवून बसूं लागले.

मिल्लचीं अखेरचीं वर्षें फ्रान्समध्यें आव्हिन्यों येथें गेलीं. हॅरिएट १८५८ सालीं तेथें वारली. तिच्या थडग्याजवळच त्यानें एक लहानसें घर घेतलें. भोंवतालच्या टेकड्यांत तो पायीं हिंडे आणि वनस्पति गोळा करी. कीटकांवरील ग्रंथांनीं पुढें जगप्रसिद्ध झालेला आंरी फाब्र हा त्याचा या छंदांतला सोबती. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं ऑरेंज गांवाजवळ दोघांनीं वनस्पति शोधीत जवळजवळ पंधरा मैलांची रपेट केली. मिल्ल घरीं परतला, त्याला ताप भरला, आणि त्याच आठवड्यांत तो वारला. त्यानें वाळवून, कागदावर डकवून ठेवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे मागाहून निरनिराळ्या संग्रहालयांत गेले. त्यांतले कांहीं लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानांत आहेत, आणि कांहीं थेट ऑस्ट्रेलियांत मेलबर्नला पोंचले आहेत.